लॉ सीईटी, क्लॅटमधली अनोळखी कोडी: गावात राहून तयारी कशी करायची

कायद्याच्या प्रवेश परीक्षेत आपल्याकडची पोरं अडकतात ती कायद्याच्या प्रश्नांवर नाही, तर्काच्या कोड्यांवर. रक्ताची नाती, दिशा, अंकमालिका, सांकेतिक भाषा यांचा सराव बहुतेकांचा झालेला असतो. पण पेपरात एखादं कोडं असं येतं की ते पुस्तकातल्या कोणत्याच प्रकारात बसत नाही. मग "सर, असं तं कधी पाह्यलंच नाही" म्हणून पोरगी ते सोडते, आणि त्याच्यासोबत त्यावरचे चार-पाच प्रश्नही जातात.

माझं म्हणणं एवढंच आहे की अनोळखी कोड्याची तयारी करता येते. ती कोड्यांचे प्रकार पाठ करून होत नाही, अटी कागदावर उतरवायची सवय लावून होते. त्यासाठी नागपुरात खोली करून राहायची गरज नाही. वही, पेन, गावचं वाचनालय आणि सोबत सराव करणारे दोन-तीन जण एवढ्यावर भागतं. कसं ते सविस्तर सांगतो.

आधी तुमची परीक्षा कोणती ते पहा

महाराष्ट्रातल्या बहुतेक विधी महाविद्यालयांत प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या एमएएच-लॉ सीईटीवर होतो. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी वेगवेगळा पेपर असतो. २०२५ पासून दोन्ही पेपर १२० प्रश्नांचे आणि १२० मिनिटांचे झाले. पाच वर्षांच्या पेपरात तर्क आणि विश्लेषणाचे ३२ प्रश्न असतात, तीन वर्षांच्या पेपरात २४. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. परीक्षा संगणकावर होते आणि प्रश्न मराठीतही मिळतात, फक्त इंग्रजीचा विभाग अर्थातच इंग्रजीत.

नागपूरजवळ वारंग्याला असलेल्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचं असेल तर क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, द्यावी लागते. तिथेही १२० प्रश्न, १२० मिनिटं. पण पेपर पूर्ण इंग्रजीत, कागदावर, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. तर्काचे साधारण २२ ते २६ प्रश्न असतात आणि ते उताऱ्यांवर आधारलेले असतात. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, आयलेट, वेगळी आहे. तिच्यात १५० पैकी ७० प्रश्न निव्वळ तर्काचे असतात, त्यामुळे कोड्यांची सगळ्यात जास्त तयारी तिथे लागते.

चौथं नाव ऐकू येतं ते अमेरिकेतल्या कायद्याच्या प्रवेश परीक्षेचं, एलसॅटचं. भारतात होणारी एलसॅट-इंडिया आता बंद झाली आहे. जुन्या गाईडमध्ये तिचं नाव दिसलं तर तिच्या मागे लागू नका. मूळ अमेरिकन एलसॅटमध्ये मात्र जून २०२४ पर्यंत तर्काच्या खेळांचा एक स्वतंत्र विभाग होता. ३५ मिनिटांत चार कोडी आणि त्यांवर बावीस-चोवीस प्रश्न. ऑगस्ट २०२४ पासून तो विभाग काढून टाकला. पण त्या विभागात दर काही वर्षांनी एखादं असं कोडं यायचं की तिथली तयारीची मुलंही हादरायची. जून २००९ च्या पेपरात रंगीत खेळण्यातले डायनासोर होते, सप्टेंबर २०१६ च्या पेपरात संगणकांच्या जाळ्यात व्हायरस कोणाकडून कोणाकडे गेला हे शोधायचं होतं. विचित्र कोड्यांचा सराव करायला त्या जुन्या प्रश्नपत्रिका आजही कामाच्या आहेत. इंग्रजी जमत असेल तर जरूर मिळवा.

मराठीतून सराव हवा असेल तर एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेतल्या सीसॅटचे, म्हणजे तर्क-आकलनाच्या पेपरचे, जुने पेपर घ्या. ते आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत आणि प्रश्न मराठीतही असतात. क्लॅटचे मागचे पेपरही तिच्या संकेतस्थळावर मिळतात. तालुक्याला गेलात की झेरॉक्स काढून आणा. मोबाईलच्या पडद्यावर कोडी सोडवू नका, कारण सगळी मेहनत कागदावरच्या खुणांची आहे.

अट नीट वाचणं: अर्धी लढाई इथेच

कोडं चुकतं ते बहुतेक वेळा अट उलटी वाचल्यामुळे. म्हणून पहिला आठवडा कोडी सोडवूच नका, फक्त अटी वाचा.

"पाऊस आला तर कापसाची वेचणी बंद राहील" ही अट घ्या. खूण अशी करायची: पाऊस → वेचणी बंद. आता यातून आणखी एकच गोष्ट पक्की निघते. वेचणी चालू आहे, म्हणजे पाऊस आलेला नाही. बाणाची दोन्ही टोकं उलटवायची आणि दोन्हीला "नाही" लावायचं. एवढंच. वेचणी बंद आहे म्हणून पाऊस आला असेल, हे निघत नाही. मजूर मिळाले नसतील, गावात लग्न असेल. पाऊस नाही म्हणून वेचणी चालूच असेल, हेही निघत नाही. पेपर काढणाऱ्याचे चुकीचे पर्याय याच दोन चुकांवर उभे असतात.

आता "तरच" पहा. "जातीचा दाखला जोडला तरच सवलतीचा अर्ज मंजूर होईल." इथे बाण अर्जाकडून दाखल्याकडे जातो: अर्ज मंजूर → दाखला जोडलेला. दाखला जोडला म्हणून अर्ज मंजूर होईलच असं यात कुठेही म्हटलेलं नाही. तहसीलच्या चकरा मारलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको. "तर" आणि "तरच" यांतला एका अक्षराचा फरक बाणाची दिशा बदलतो, म्हणून सरावात प्रत्येक "च" ला गोल करा.

क्लॅटवाल्यांनी हीच मेहनत इंग्रजी शब्दांवर करायची. "ओन्ली इफ" च्या नंतर जे येतं, बाण त्याच्याकडे जातो. "अनलेस" दिसलं की त्या जागी "इफ नॉट" वाचा, गोंधळ संपतो. "अ‍ॅट मोस्ट टू" मध्ये शून्यही येतो. "सम" म्हणजे निदान एक, सगळेही असू शकतात. "आयदर ऑर" मध्ये दोन्ही चालतात, "बट नॉट बोथ" असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तोवर. हे पाच-सहा शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि रोज एकेकावर दोन वाक्यं स्वतः रचा.

साधं कोडं, पण पूर्ण पद्धतीने

अनोळखी कोड्याकडे जाण्याआधी ओळखीचं एक कोडं सावकाश सोडवू. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा मोसम सुरू होतो, वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात. समजा एका कंपनीचे सोमवार ते शुक्रवार पाच रात्री पाच गावांत प्रयोग आहेत: आरमोरी, कुरखेडा, नवरगाव, सिंदेवाही आणि लाखांदूर. अटी अशा:

सिंदेवाहीच्या लगेच दुसऱ्या रात्री नवरगाव. आरमोरी कुरखेड्याच्या आधी कधीतरी. लाखांदूर सोमवारी किंवा शुक्रवारी. आणि लाखांदूर सोमवारी असेल तर कुरखेडा शुक्रवारी.

कागदावर पाच चौकटी काढा, वर वार लिहा. गावांची पहिली अक्षरं घ्या: आ, कु, न, सिं, ला. आता खुणा. पहिली अट म्हणजे एक ठोकळा: [सिं न]. हे दोघं कधी सुटे होत नाहीत. दुसरी: आ … कु. मधली टिंबं म्हणजे मध्ये कितीही रात्री असू शकतात. तिसरी आणि चौथी लाखांदूरबद्दल आहेत.

इथे थांबा. बहुतेक जण लगेच प्रश्नाकडे पळतात. त्याआधी दोन मिनिटं द्या आणि विचारा, सगळ्यात जास्त बांधलेलं कोण आहे? लाखांदूर. त्याला दोनच जागा आहेत. मग दोन्ही मांडून पहा.

लाखांदूर सोमवारी ठेवलं तर कुरखेडा शुक्रवारी पक्कं. मध्ये तीन रात्री उरल्या, त्यांत आरमोरी आणि ठोकळा. दोनच मांडण्या:

ला – आ – सिं – न – कु
ला – सिं – न – आ – कु

लाखांदूर शुक्रवारी ठेवलं तर पहिल्या चार रात्रींत आरमोरी, कुरखेडा आणि ठोकळा. आरमोरी आधी हवी, म्हणून तीन मांडण्या:

आ – कु – सिं – न – ला
आ – सिं – न – कु – ला
सिं – न – आ – कु – ला

संपलं. या पाचपलीकडे काही शक्यच नाही. आता प्रश्न कसाही विचारू द्या. "नवरगावचा प्रयोग कोणत्या रात्री होऊ शकत नाही?" पाचही ओळींवर बोट फिरवा: सोमवार आणि शुक्रवार. "कुरखेडा बुधवारी असू शकतं का?" नाही. "नवरगाव बुधवारी असेल तर नक्की काय खरं?" सिंदेवाही मंगळवारी. आरमोरी सोमवारी असेल की गुरुवारी हे ठरत नाही, त्यामुळे "आरमोरी सोमवारी" हा पर्याय चुकीचा.

यात एक बारीक गोष्ट आहे. कुरखेडा शुक्रवारी असेल तर लाखांदूर सोमवारी असलंच पाहिजे का? ओळी पाहिल्या तर होय. पण ते चौथ्या अटीमुळे नाही. चौथी अट उलटी वाचायची नसते, हे आपण आत्ताच शिकलो. ते तिसऱ्या अटीमुळे आहे: शुक्रवार गेला, तर लाखांदूरला सोमवारच उरतो. उत्तर बरोबर आलं तरी कारण चुकीचं असेल, तर पुढच्या कोड्यात तेच कारण तुम्हाला बुडवतं. म्हणून सरावात प्रत्येक उत्तरासमोर कोणत्या अटीमुळे ते आलं तिचा क्रमांक लिहा. माझ्यासोबत सराव करणाऱ्यांना मी एवढ्या एका गोष्टीचा आग्रह धरतो.

सगळ्या मांडण्या लिहिणं नेहमी परवडतं का? नाही. जास्त बांधलेल्या घटकाला दोन किंवा तीनच जागा असतील तर लिहा. पहिल्या दोन-तीन मिनिटांत आठ-दहाच्या वर शक्यता दिसायला लागल्या तर सोडा आणि थेट प्रश्नांकडे जा.

आता अनोळखी कोडं

कोडं अनोळखी दिसलं की स्वतःला काही प्रश्न विचारा. कोणकोण आहे, आणि त्यांचं करायचं काय आहे: रांग लावायची, निवडायचं, गटात वाटायचं, एकमेकांना जोडायचं, की बदलत न्यायचं? एक घटक एकदाच येतो की पुन्हा येऊ शकतो? कोणी रिकामं राहू शकतं का? नियम एकदाच लागतो की पुन्हा पुन्हा? आणि शेवटी तेच, सगळ्यात जास्त बांधलेलं कोण? या प्रश्नांची उत्तरं मिळाली की चित्र कसं काढायचं ते आपोआप सुचतं.

एलसॅटमधल्या त्या व्हायरसच्या कोड्याच्या जातीचं एक कोडं आपल्या गावात आणू. ग्रामसभेचा निरोप तहसीलमधून गावात आला. तो सहा जणांपर्यंत पोचला: ग्रामसेवक, कोतवाल, पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडीताई आणि रोजगार सेवक. तहसीलकडून तो या सहांपैकी एकालाच मिळाला. बाकी प्रत्येकाला या सहांपैकी नेमक्या एकाकडून मिळाला. कोणीही दोघांपेक्षा जास्त जणांना सांगितला नाही. पुढच्या अटी:

पोलीस पाटील आणि आशाताई यांना एकाच माणसाने सांगितलं. ग्रामसेवकाने नेमकं एकालाच सांगितलं. रोजगार सेवकाने कोणालाच सांगितलं नाही. अंगणवाडीताईला आशाताईने सांगितलं.

इथे रांग नाही, चौकटी नाहीत. पण "कोणाकडून कोणाकडे" आहे, म्हणजे नावं आणि बाण. तेवढं चित्र पुरे.

जास्त बांधलेला कोण? पोलीस पाटील आणि आशाताई दोघांना सांगणारा माणूस. त्याचं नाव दिलेलं नाही, म्हणून त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. त्याला शोधा. त्याने दोघांना सांगितलं, म्हणजे तो ग्रामसेवक नाही, कारण ग्रामसेवकाने एकालाच सांगितलं. रोजगार सेवक नाही, त्याने कोणालाच सांगितलं नाही. अंगणवाडीताई नाही, कारण तिलाच निरोप आशाताईकडून मिळाला, तर ती आशाताईला कशी सांगणार? पोलीस पाटील आणि आशाताई स्वतः तर नाहीतच. उरला कोतवाल.

म्हणजे कोतवाल → पोलीस पाटील, कोतवाल → आशाताई, आशाताई → अंगणवाडीताई. तीन बाण पक्के झाले आणि कोतवालाचा दोघांचा कोटा संपला.

पुढचा प्रश्न: निरोप सगळ्यात आधी कोणाला मिळाला? पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडीताई यांना दुसऱ्याकडून मिळाला, म्हणून ते नाहीत. रोजगार सेवक पहिला असता तर निरोप तिथेच मेला असता. म्हणजे पहिला एकतर ग्रामसेवक किंवा कोतवाल. पुन्हा दोन वाटा.

ग्रामसेवक पहिला असेल तर त्याने ज्या एकाला सांगितलं तो कोतवालच हवा, नाहीतर निरोप पुढे जातच नाही. मग रोजगार सेवकाला कोणी सांगितलं? कोतवालाचा कोटा संपला, ग्रामसेवकाचाही. म्हणून पोलीस पाटील, आशाताई किंवा अंगणवाडीताई यांपैकी कोणीतरी.

कोतवाल पहिला असेल तर ग्रामसेवकाला त्या तिघांपैकीच एकाने सांगितलं. ग्रामसेवकाला नेमकं एकाला सांगायचं आहे, आणि निरोप न मिळालेला एकच माणूस उरला आहे: रोजगार सेवक. म्हणजे ग्रामसेवक → रोजगार सेवक पक्का.

आता "रोजगार सेवकाला पोलीस पाटलाने सांगितलं असेल तर पहिला निरोप कोणाला?" असं विचारलं तर पाच सेकंदात उत्तर: ग्रामसेवकाला. दुसऱ्या वाटेत रोजगार सेवकाला सांगणारा ग्रामसेवकच असतो, म्हणून ती वाट बाद. वाचताना भीती वाटावी असं हे कोडं होतं, आणि सुटलं ते नाटकाच्या कोड्याच्याच दोन पायऱ्यांनी: बांधलेला शोधा, दोन वाटा करा.

बदलत जाणारं कोडं

दुसरा त्रासदायक प्रकार म्हणजे नियम पुन्हा पुन्हा लागणारा. कापूस खरेदी केंद्राबाहेर पाच गाड्या रांगेत आहेत: १ २ ३ ४ ५. दर घंटेला दोन गोष्टी होतात. आधी रांगेतली पहिली गाडी सगळ्यात मागे जाते. मग नव्या रांगेतल्या पहिल्या दोन गाड्या जागा बदलतात. पन्नासाव्या घंटेनंतर सगळ्यात पुढे कोणती गाडी?

पन्नास वेळा करून पाहायला वेळ नाही, आणि परीक्षकाला ते माहीत आहे. अशा कोड्यात पाच-सहा वेळाच करून पहायचं आणि रांग पुन्हा मूळ जागी कधी येते ते शोधायचं.

पहिली घंटा: १ मागे गेली, २ ३ ४ ५ १. पहिल्या दोन बदलल्या, ३ २ ४ ५ १.
दुसरी: ४ २ ५ १ ३.
तिसरी: ५ २ १ ३ ४.
चौथी: १ २ ३ ४ ५.

चौथ्या घंटेला रांग होती तशी. म्हणजे दर चार घंटांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून. पन्नासला चारने भागलं की बाकी दोन उरते, म्हणून पन्नासाव्या घंटेची रांग दुसऱ्या घंटेसारखी: ४ २ ५ १ ३. सगळ्यात पुढे चार नंबरची गाडी. आणि लक्षात आलं का, दोन नंबरची गाडी पहिल्या घंटेपासून दुसऱ्याच जागेवर बसून आहे? "कोणती गाडी कधीच पहिली येत नाही?" हा प्रश्न हमखास येणार. बदलत्या कोड्यात जे बदलत नाही ते शोधायची सवय लावा. तिथे गुण पटकन मिळतात.

स्वतः कोडी रचा

मी सांगतोय त्यांतली सगळ्यात फायद्याची गोष्ट ही आहे. दुसऱ्या महिन्यापासून रोज एक कोडं स्वतः रचा. विषय शोधायला कुठे जायची गरज नाही. तालुक्यातले आठवडी बाजार कोणत्या वारी कुठे भरतात, शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत) कोणती जोडी कोणाच्या आधी धावली, मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी धानाच्या कोणत्या बांधीतून कोणत्या बांधीत जातं, एसटीची मुक्कामी गाडी कोणत्या थांब्यावर आधी येते. पाच-सहा नावं घ्या, आधी एक बरोबर मांडणी मनात ठरवा, मग तिला धरून चार अटी लिहा.

मग ते कोडं सोबत्याला द्या आणि तो सोडवत असताना गप्प बसून पहा. त्याला तुमच्या मनात नसलेली मांडणी सापडली, तर तुमची अट अपुरी होती. एकही सापडली नाही, तर अटी एकमेकींना छेद देतात. कोडं रचणाऱ्याला कळतं की कोणती अट कोणत्या जागेवर दाब टाकते, आणि मग दुसऱ्याने रचलेल्या कोड्यात तो दाब पटकन दिसतो. चौघं असाल तर आठवड्यातून एक संध्याकाळ वाचनालयात किंवा शाळेच्या व्हरांड्यात एकमेकांची कोडी बदलून सोडवा. लाईट गेली तरी अडत नाही, कोड्याला इंटरनेट लागत नाही.

वेळापत्रक आणि शेताची कामं

क्लॅट गेली काही वर्षं डिसेंबरात होते आहे. तेव्हा इकडे कापूस वेचणी आणि धानाची मळणी चालू असते. घरची कामं सुटत नाहीत, ते धरूनच नियोजन करा. पोळ्यापासून सुरुवात केली तर हाताशी तीन महिने असतात. पहिला महिना अटी वाचणं आणि साधी कोडी, घड्याळ न लावता. दुसऱ्या महिन्यात अनोळखी कोडी आणि स्वतः रचलेली. तिसऱ्या महिन्यात घड्याळ लावून पूर्ण पेपर. रोजचा एक तास पुरतो, पण तो सलग हवा. लॉ सीईटी उन्हाळ्यात येते, तिच्यासाठी हाच क्रम जानेवारीपासून धरा, आणि शेवटच्या महिन्यात सायबर कॅफेत जाऊन दोन-तीन सराव पेपर संगणकावरच द्या. पडद्यावरचं कोडं वाचून चित्र मात्र हातातल्या कागदावर काढायचं, ही सवय वेगळी लागते.

पेपरात सरासरी एका प्रश्नाला एक मिनिट येतं. पाच प्रश्नांच्या कोड्याला सात मिनिटांची हद्द ठरवा, त्यातली पहिली दोन-तीन मांडणीला. तीन मिनिटांत एकही पक्की गोष्ट निघाली नाही तर पुढे जा, वेळ उरला तर परत या. लॉ सीईटीत गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नका. क्लॅटमध्ये चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर उत्तर द्या, एकही बाद होत नसेल तर सोडा.

हे तुम्ही सोडवा

धान निघाल्यावर एका शेतकऱ्याला सहा पिकांपैकी नेमकी चार घ्यायची आहेत: जवस, हरभरा, लाखोळी, गहू, मिरची, वाटाणा. लाखोळी घेतली तर जवस घ्यायलाच हवा. गहू आणि हरभरा दोन्ही एकत्र नकोत. मिरची घेतली नाही तर गहू घ्यायलाच हवा. प्रश्न दोन: कोणतं पीक घ्यावंच लागेल? आणि मिरची सोडली तर कोणती चार?

खाली वाचण्याआधी वहीत करून पहा.

चार निवडायची आहेत, म्हणजे दोन सोडायची आहेत. निवडलेल्यांपेक्षा सोडलेल्यांकडे पहा, काम निम्मं होतं. गहू आणि हरभरा एकत्र नाहीत, म्हणून सोडलेल्या दोघांत या दोघांपैकी निदान एक असणारच. आता जवस सोडून पहा. जवस नाही, तर लाखोळीही नाही. दोन जागा तिथेच भरल्या आणि गहू-हरभऱ्यापैकी कोणालाच सोडता येत नाही, म्हणजे अट मोडली. म्हणून जवस सोडताच येत नाही. मिरची सोडली तर गहू घ्यावा लागतो, म्हणून दुसरं सोडलेलं पीक हरभराच. उरलेली चार: जवस, लाखोळी, गहू, वाटाणा. सोडायच्या जोड्या एकूण सहा निघतात. उरलेल्या पाच तुम्ही काढा, आणि प्रत्येकीसमोर अटीचा क्रमांक लिहा.